१२० डॉलरचा आयपीस २४ हजारांना कसा पडतो?

खगोलखुळा | १४ जुलै २०२४, रात्री ११:४२

मंडळी, नमस्कार. पावसाळा आहे, आकाश बंद आहे, दुर्बीण गोधडीखाली झोपलीय. म्हणजे भांडायला वेळच वेळ.

माझ्याकडे आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. फोकल लेंथ १२०० मिमी. हिला ६ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं भिंग, शुद्ध मराठीवाल्यांसाठी नेत्रिका) लावला की २०० पट दिसतं. घाई एवढ्याचसाठी की शनीची कडी सध्या दर वर्षी बारीक होत चाललीय. मार्च २०२५ मध्ये ती आपल्याला बरोबर कडेवरून दिसणार, म्हणजे जवळजवळ दिसणारच नाहीत. त्याआधी, या सप्टेंबरात शनी समोर असताना एकदा पोटभर बघून घ्यावीत, एवढीच माफक इच्छा.

हवा तो आयपीस इथे कुणाकडे नव्हता. अमेरिकेतल्या एका दुकानाच्या साइटवर १२० डॉलर, पाठवणावळ ३८. मनात हिशेब केला, तेरा हजारांच्या आसपास. चला, महाग आहे, पण आयुष्यभर टिकतो.

आता खरा हिशेब बघा:

कार्डावर १५८ डॉलर गेले, ८३.५० च्या दराने १३,१९३ रुपये. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा साडेतीन टक्के मार्कअप, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ५४५ अजून.

मग कुरिअरवाल्यांचा मेसेज. केवायसी द्या. दिली. चार दिवसांनी दुसरा मेसेज: शुल्क ९,४३५ रुपये भरा. मी आधी ९४३ वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

शिवाय त्यांनी माझ्या वतीने सरकारला पैसे आगाऊ भरले त्याची फी ९०० अधिक जीएसटी, १,०६२.

एकूण २४,२३५. वस्तू दहा हजारांची.

आणि आता कळस. खोकं उघडलं तर आत २५ मिमीचा आयपीस! माझ्याकडे २५ आधीपासून आहे, दुर्बिणीबरोबरच आला होता. दुकानदार ईमेलवर अगदी सज्जनपणे म्हणतो, "चूक आमची, परत पाठवा, लगेच बदलून देतो." परत पाठवायला पुण्यातून कुरिअरवाले साडेपाच हजार सांगतात. आणि बदली आयपीस आला की त्यावर पुन्हा शुल्क. म्हणजे कडी बघायला मी चाळीस हजार घालू का?

करा मार्गदर्शन. हसायचं असेल तर हसून घ्या आधी.

मुरांबा | १५ जुलै २०२४, सकाळी ७:१०

हसून घेतलं. आता सहानुभूती.

माझं तर शुल्कापर्यंत गाडी पोचलीच नाही. भावाने जर्मनीतल्या एका साइटवरून मला चाकूंचा सेट मागवला आणि पत्त्यात लाडाने नाव घातलं "बंड्या". कुरिअरवाले म्हणाले, केवायसीतलं नाव आणि पार्सलवरचं नाव जुळलं पाहिजे. आधारवर आमचं नाव चांगलं तीन मजली आहे. "बंड्या म्हणजे मीच" हे सिद्ध करायला आईला फोनवर घेऊ का, असं विचारलं. त्या मुलीला हसू आलं, पण पार्सल काही सुटलं नाही. १९ दिवस पडून राहिलं, वर गोदाम भाडं. शेवटी भावाने विक्रेत्याकडून दुरुस्त इन्व्हॉइस मिळवलं.

ठाणेकर_मामी | १५ जुलै २०२४, सकाळी ९:३३

१२० च्या वस्तूवर साडेनऊ हजार शुल्क?? काहीतरी चुकलंय. कुरिअरवाल्यांनी घोळ घातला असेल. पावती मागा.

बंदरवाला | १५ जुलै २०२४, दुपारी १२:०५

घोळ नाही मामी. मी मुंबईत बॅलार्ड इस्टेटमध्ये क्लिअरिंगच्या, म्हणजे कस्टममधून माल सोडवायच्या, धंद्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. खगोलखुळा, तुमचा आकडा पैशापर्यंत बरोबर आहे. कसा ते सांगतो, कारण एकदा कळलं की पुढच्या वेळी बटण दाबायच्या आधी कागदावर मांडता येईल.

शुल्क वस्तूच्या किमतीवर लागत नाही. किंमत अधिक पाठवणावळ अधिक विमा, या तिघांच्या बेरजेवर लागतं. विमा उतरवलेला नसेल तरी किमतीच्या १.१२५ टक्के धरतात. पाठवणावळ किती ते कागदावर नसेल तर किमतीच्या २० टक्के धरतात. म्हणून "फ्री शिपिंग" बघून फार हरखू नये.

विमानाने आलेल्या मालाला पाठवणावळ किमतीच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त धरत नाहीत, म्हणून तुमचे १२० अधिक ३८ ऐवजी २४ अधिक विम्याचा १.३५, झाले १४५.३५ डॉलर. दर बँकेचा नाही, कस्टमने जाहीर केलेला चालतो आणि तो बहुधा थोडा चढा असतो. ८४ धरा. १२,२०९ रुपये. यावर मूळ शुल्क ३५ टक्के, ४,२७३. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, ४२७. आता या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १६,९१० वर, २८ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), ४,७३५. कराच्या पोटी कर असा प्रकार. रुपयाभराची उचलठेव सोडली तर तुमचे ९,४३५ आले. धंद्यात आम्ही तोंडपाठ म्हणायचो, सव्वासत्त्याहत्तर टक्के.

३५ टक्के कुठून? वैयक्तिक वापरासाठी टपालाने किंवा कुरिअरने आलेल्या मालाला टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टमच्या दरपत्रकात, ९८०४ हा एकच कप्पा आहे. आयपीस असो, चाकू असो, बूट असो, सगळं त्यात. कुरिअरवाल्यालाही तेच सोपं, दिवसाला हजारो डबे असतात, प्रत्येकाचं वर्गीकरण कोण करत बसणार.

चहाबाज | १५ जुलै २०२४, दुपारी १२:२०

काका, मग दुकानदाराला सांगायचं ना, "गिफ्ट लिही, १० डॉलर लिही." माझा मित्र नेहमी करतो.

बंदरवाला | १५ जुलै २०२४, दुपारी १२:५१

तुमच्या मित्राचं नशीब चांगलं आहे, एवढंच म्हणतो.

गिफ्टची वाट २०१९ च्या डिसेंबरात बंद झाली. त्याआधी ५,००० रुपयांपर्यंतची भेटवस्तू शुल्काशिवाय येत असे. मग काही परदेशी साइट्सनी प्रत्येक ऑर्डर "गिफ्ट" म्हणून पाठवायचा सपाटा लावला. एकाच माणसाला महिन्यात चाळीस वाढदिवस. परदेशी व्यापार महासंचालनालयाने १२ डिसेंबर २०१९ ला अधिसूचना काढली आणि भेट म्हणून शुल्काशिवाय माल सोडवणंच बंद केलं. अपवाद दोनच: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. त्यातही कंसात लिहिलंय, राखी चालेल, राखीसोबतची भेट नाही. सरकारी कागदात इतकं घरगुती वाक्य मी दुसरं वाचलेलं नाही.

आणि १० डॉलर लिहिलं तर अधिकाऱ्याला ती किंमत नाकारायचा अधिकार आहे. तो काय करतो? फोन काढतो आणि त्याच साइटवर किंमत बघतो. वर माल हरवला तर विम्याचेही दहाच डॉलर मिळणार.

ठाणेकर_मामी | १५ जुलै २०२४, दुपारी १:१५

राखीचं माहीतच नव्हतं! माझी वन्सं दर वर्षी मेलबर्नहून राखीबरोबर चॉकलेटं पाठवते म्हणून सांगते आणि दर वर्षी फक्त राखी येते. मला वाटायचं चॉकलेटं तीच खाते.

पिंपळपान | १५ जुलै २०२४, संध्याकाळी ६:४८

एक छोटी टीप कार्डाबद्दल. पैसे भरताना साइट विचारते, "रुपयांत भरणार की डॉलरमध्ये?" माणूस आनंदाने रुपये दाबतो, आपलंच चलन म्हणून. दाबू नका. रुपयांत बदलायचा दर तिथे समोरचा ठरवतो आणि तो बँकेपेक्षा वाईट असतो. काही बँका त्यावरही वेगळा आकार लावतात, हे मी स्टेटमेंटमध्ये बघितलंय.

आणि नवं कार्ड असेल तर आधी ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी चालू होऊन येतं. पेमेंट तीनदा फेल गेलं की लोक साइटला शिव्या घालतात. काम झालं की पुन्हा बंद करा.

चहाबाज | १५ जुलै २०२४, रात्री ८:०२

बरं मग काका, एक छोटा ड्रोन मागवायचा होता...

बंदरवाला | १५ जुलै २०२४, रात्री ८:०९

नाही.

चहाबाज | १५ जुलै २०२४, रात्री ८:१०

पूर्ण ऐका तरी!

बंदरवाला | १५ जुलै २०२४, रात्री ८:३०

९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांनाच सूट, तीही परवानगीने. सुटे भाग चालतात, पण ड्रोनचे सगळे भाग एका डब्यात भरून "सुटे भाग" म्हटलेलंही त्या आदेशात धरलेलं आहे. तुम्ही विचारणार होतात म्हणून आधीच सांगितलं.

बाल्कनीत बाग करणाऱ्यांसाठीही सांगून ठेवतो. परदेशातून टोमॅटोचं, मिरचीचं बी मागवताना आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. पाकीट तीन ग्रॅमचं असलं तरी. ते जप्त झालं तर हळहळू नका, एखादी कीड इकडे आली तर द्राक्षवाल्याचं नुकसान तुमच्या टोमॅटोपेक्षा मोठं आहे.

खगोलखुळा | १६ जुलै २०२४, रात्री १२:१५

काका, हिशेब समजला, आभार. कर भरायला माझी ना नाही हो. माझं दुखणं वेगळं आहे. साइटवर खरेदी करताना १५८ दिसतात, आणि ज्या क्षणी "नको" म्हणता येतं त्या क्षणी २४,२३५ हा आकडा कुठेच दिसत नाही. तो कळतो तेव्हा पार्सल विमानतळावर असतं आणि आपण ओलीस. शुल्क भरलं नाही तर माल गेला आणि १३ हजारही गेले.

आणि चुकीची वस्तू आली त्याचं काय? भरलेलं शुल्क परत मिळतं का?

बंदरवाला | १६ जुलै २०२४, सकाळी ११:२०

कायद्यात मिळतं. कस्टम्स कायदा, कलम ७४. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत जसाच्या तसा परत निर्यात केला तर भरलेल्या शुल्काचा ९८ टक्के परतावा.

आता व्यवहारात. त्यासाठी निर्यातीचे कागद करायचे, आलेली तीच वस्तू परत चाललीय हे अधिकाऱ्याला पटवायचं, आयातीची बिल ऑफ एंट्री (माल आला तेव्हाचा कस्टमचा कागद) जोडायची, मग अर्ज. कारखान्याची लाखांची मशीन असेल तर आमच्यासारखे लोक ते करून देत. तुमच्या साडेनऊ हजारांसाठी एजंट जेवढे घेईल तेवढ्यात तुम्ही शनीला जाऊन याल.

माझा सल्ला: परत पाठवू नका. दुकानदाराला स्पष्ट लिहा की परतीचा खर्च आणि दुसऱ्यांदा लागणारं शुल्क मिळून वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त होतं, तेव्हा आयपीस मी ठेवतो, तुम्ही काही रक्कम परत करा. खोक्याचा, लेबलचा, आयपीसवर कोरलेल्या आकड्याचा फोटो जोडा. बहुतेक जण ऐकतात. त्यांनाही ती वस्तू परत नकोच असते.

मुरांबा | १६ जुलै २०२४, सकाळी ११:४५

"तेवढ्यात तुम्ही शनीला जाऊन याल." काका, _/\\_

चिवडा_लसूणवाला | २१ जुलै २०२४, रात्री ९:३०

जरा वेगळा पण याच विषयातला अनुभव. वडील नाशिकला एकटे असतात. त्यांनी गुडघ्याला लावायचं एक यंत्र परदेशी साइटवरून मागवलं होतं. आठवड्याने फोन: "तुमचं पार्सल कस्टममध्ये पकडलंय, आत अमली पदार्थ सापडलेत, व्हिडिओ कॉलवर या." पार्सलच मागवलं नसतं तर त्यांनी हसून फोन ठेवला असता. पण खरंच एक पार्सल येणार होतं ना! घाबरले. दोन तास कॉलवर होते, शेजारचे काका दूध द्यायला आले म्हणून वाचले. बँकेचं ॲप उघडून बसले होते.

मला नंतर कळलं की कस्टमकडून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि तो त्यांच्या साइटवर तपासता येतो. २०१९ च्या नोव्हेंबरपासून हे आहे. व्हिडिओ कॉलवर चौकशी, कुणाच्या खासगी खात्यात "तपासणीपुरते" पैसे, असलं काही कस्टम करत नाही. घरातल्या मोठ्यांना हे आजच सांगा.

यंत्र नंतर नीट आलं. वडील त्याला हात लावत नाहीत.

खगोलखुळा | १९ सप्टेंबर २०२४, रात्री २:०५

अपडेट. काकांच्या मसुद्याने काम केलं, दुकानदाराने ६० डॉलर परत दिले. अर्थात मार्कअप बँकेने परत दिला नाही आणि शुल्क सरकारने नाही.

आज ढग फाटले. ओळखीच्या एका बुजुर्ग निरीक्षकाकडून ६ मिमी उसना आणला. शनी बघितला. कडी म्हणजे लिंबात आरपार खुपसलेली सुई, इतकी बारीक. पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्या सातवीतल्या मुलीने विचारलं, "काका, हे खरंच आहे का आत चित्र लावलंय?"

दोन २५ मिमी झालेत. कुणाला हवा असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शुल्क भरून झालंय!

एडिसनकरीण | १६ ऑक्टोबर २०२५, पहाटे ४:५०

धागा वर काढतेय, कारण चाक उलटं फिरलंय.

मी न्यू जर्सीत. आमच्यासाठी परदेशी विक्रेती म्हणजे डोंबिवलीच्या एक काकू, ज्यांच्याकडून मी सात वर्षं फराळ मागवतेय. चकली, कडबोळी, अनारसे, दोन दिवाळी अंक, आणि एका डब्यात भाजणी. इथे ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नव्हतं, त्यामुळे कधी विचारच केला नाही. भारतात लोक कस्टमवरून कुरकुरतात तेव्हा मी मनातल्या मनात "बिचारे" म्हणायचे. घ्या!

२९ ऑगस्टपासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली, आणि भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लागलं. भारताच्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं, कारण शुल्क कुणी आणि कसं गोळा करायचं हेच ठरलेलं नव्हतं. काल, १५ ऑक्टोबरला, बुकिंग पुन्हा सुरू झालं. आता शुल्क तिकडे बुकिंग करतानाच भरायचं. लक्ष्मीपूजन २१ ला. पाठवून काय उपयोग?

खासगी कुरिअरने पाठवायचं तर खाण्याच्या वस्तूंसाठी इथल्या एफडीएला, म्हणजे अन्न-औषध खात्याला, आगाऊ सूचना लागते, काकूंनी तेही शिकून घेतलं, बासष्टाव्या वर्षी. पण त्यांनी दर सांगितला तो ऐकून मीच "यंदा राहू दे" म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्यासारख्या चौदा जणींनी राहू दे म्हटलंय." साजूक तुपातले अनारसे त्यांनी तळून ठेवले होते. ते कुठे गेले, विचारायचं धाडस झालं नाही.

यंदा चकली मीच केली. मोडली.

श्टुटगार्टी | १६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:१२

ताई, तुमच्याकडे आत्ता सुरू झालं ते युरोपात २०२१ च्या जुलैपासून आहे. आधी २२ युरोपर्यंतच्या पार्सलला व्हॅट नव्हता, तेव्हापासून पहिल्या सेंटपासून लागतो. आईने कुटुंबातली भेट म्हणून पाठवलेलं ४५ युरोपर्यंत चालतं, पण बाहेर किंमत आणि आत काय आहे ते नीट लिहिलेलं पाहिजे. आई लिहिते "घरचं सामान". झालं, डबा थेट कस्टम कचेरीत.

तिथे स्वतः जायचं, रांगेत नंबर घ्यायचा, साहेब टेबलावर चाकू ठेवतो आणि म्हणतो, उघडा. मी एकदा मेतकूट समजावून सांगितलंय. जर्मनमध्ये. "पिवळी पूड, भातावर." तो वास घेऊन म्हणाला, "छान." आणि बाजूचा कंदी पेढ्यांचा पुडा काढून घेतला, कारण दुधाचे पदार्थ युरोपबाहेरून पाठवायला बंदी. साताऱ्याचे पेढे, डोळ्यांसमोर पिंपात.

एडिसनकरीण | १६ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४:०१

पेढ्यांचं वाचून माझं दुःख कमी झालं. सॉरी.

बंदरवाला | ८ फेब्रुवारी २०२६, सकाळी १०:४०

अजून आहे मी. जुन्या हिशेबात दुरुस्ती करतो, नाहीतर कुणी आज वाचून घाबरायचं.

एक, २८ टक्क्यांचा जीएसटीचा टप्पा २२ सप्टेंबर २०२५ ला गेला. दोन, ३५ टक्के हे मूळ शुल्क आधीच खाली आलेलं होतं, आणि या १ तारखेच्या अर्थसंकल्पात वैयक्तिक वापराच्या मालावरचं शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणायचं जाहीर झालं. म्हणजे सव्वासत्त्याहत्तरचा जमाना संपला. मात्र कुरिअरची आगाऊ भरण्याची फी, केवायसी आणि बंड्या हे सगळं जागच्या जागी आहे. ती फी टक्क्यांत नसते, त्यामुळे दीड हजारांची वस्तू मागवणाऱ्याला शुल्कापेक्षा फीच जास्त चावते.

युरोपवाल्यांनो, तुमच्याकडे मात्र १ जुलैपासून दीडशे युरोच्या आतल्या पार्सलमधल्या प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो शुल्क सुरू होतंय.

खगोलखुळा | ८ फेब्रुवारी २०२६, रात्री १०:२२

काका!! बरं वाटलं तुम्हाला बघून.

शनीची कडी पुन्हा उघडायला लागलीत. उसना ६ मिमी केव्हाच परत दिला. पुन्हा मागवायचा धीर होत नाहीये. कुणी तिकडून येणार आहे का?

एडिसनकरीण | ९ फेब्रुवारी २०२६, पहाटे ५:१५

मी येतेय मे महिन्यात, पुण्यालाच. आयपीस किती जड असतो? बॅगेत सासूबाईंची जीवनसत्त्वं, भाच्याचे बूट आणि कुणाचा तरी कॉफीचा ग्राइंडर आधीच आहे, पण मुठीएवढा असेल तर आणते. बदल्यात एक किलो भाजणी. चकलीची, थालीपिठाची नव्हे.

खगोलखुळा | ९ फेब्रुवारी २०२६, सकाळी ८:००

मुठीपेक्षाही लहान. भाजणी दोन किलो! पत्ता व्यनि करतो. ऑर्डर देताना फक्त ६ मिमी आहे ना, ते बघा. आयपीसवरच कोरलेलं असतं.

बंदरवाला | ९ फेब्रुवारी २०२६, सकाळी ११:३०

बॅगेजची मर्यादा ५० हजारांची आता ७५ हजार झालीय, तेव्हा काळजी नाही. पण ग्राइंडर, बूट आणि आयपीस, तिन्हींची बिलं सोबत ठेवा. चेक-इनच्या बॅगेत नाही, हातातल्या.